पडद्यावरचे गाणे आणि शेवटची रांग
अभ्यासासाठी वाचन: 1 करिंथ 14:13-19, नहेम्या 8:1-8



गेल्या वर्षी तुमच्यापैकी काहींच्या देणगीतून नवापूर तालुक्यातल्या आमच्या एका मंडळीला प्रोजेक्टर मिळाला. त्याचा फोटो लगेच पुढच्या अंकात यायला हवा होता, पण मी तो पाठवला नाही. कारण सांगते.

पहिल्या रविवारच्या स्लाइड मीच बनवल्या होत्या. पडदा म्हणजे धुतलेली पांढरी चादर. तिच्यावर धबधब्याचे चित्र, चित्रावर पिवळी अक्षरे आणि एका स्लाइडवर जवळजवळ अख्खे गाणे. तरुण संघ खूश होता. मी मागे महिलांच्या रांगेत चटईवर बसले होते. शेजारी एक आजी. या मंडळीत सगळ्यात जास्त गाणी पाठ असलेली. ध्रुपद उचलणारा पहिला आवाज नेहमी तिचा. त्या दिवशी ती गप्प होती. उपासना संपल्यावर मी विचारले, "आजी, घसा बसला का?" ती म्हणाली, "नाही ताई. गाणं आता तिकडं भिंतीवर गेलं. मला कुठं वाचता येतं?"

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. हा आकडा मी अनेक अहवालांत लिहिला आहे. स्लाइड बनवताना मात्र तो मला आठवला नाही.

पौलाने करिंथच्या मंडळीला जे लिहिले ते आपण बहुधा अन्य भाषांच्या वरदानापुरतेच वाचतो. पण 14 व्या अध्यायात तो गाण्याचाही उल्लेख करतो: आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे. लगेच पुढे तो अशा माणसाचा विचार करतो, ज्याला चाललेले काही कळत नाही. त्याने "आमेन" म्हणायचे तरी कशाला? पौलाची कसोटी त्या माणसापाशी आहे, पुढे उभे राहून बोलणाऱ्यापाशी नाही. धर्मशास्त्राच्या पदविकेत उपासनेचा इतिहास हा विषय मला होता, त्यात बरे गुणही मिळाले होते. तरी ही कसोटी मला चटईवर बसून कळली.

वाचता न येणाऱ्यांचा प्रश्न मंडळीला नवा नाही. इंग्लंडमध्ये 1645 साली उपासनेची जी नियमावली आली, तिने सांगितले की मंडळीत पुष्कळांना वाचता येत नसेल तर स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग ती गावी. आपल्या कीर्तनात तर मुख्य गायक पुढे आणि मंडळी मागे, हे चालतच आले आहे. आम्ही तेच परत आणले. नवे गाणे असेल तर गायक प्रत्येक ओळ आधी बोलतो, मग सगळे गातात. पडदा ज्यांना हवा त्यांच्यासाठी आहे. सर्वांना पाठ असलेल्या गाण्याला तो लागतच नाही. पॉवरपॉइंट चालू असताना कळफलकावरचे बी दाबले की पडदा काळा होतो. हे मला एका नववीतल्या मुलाने शिकवले.

आता स्लाइडविषयी. अक्षर किती मोठे हवे, हे लॅपटॉपजवळ बसून ठरवू नका. आमची चादर 6 फूट रुंद आहे आणि शेवटची रांग तिच्यापासून 30 फुटांवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या पाचपट. लॅपटॉपचा पडदा साधारण 1 फूट रुंद असतो. मग लॅपटॉपपासून 5 फूट मागे उभे राहा आणि वाचा. तिथून जे दिसते तेच शेवटच्या रांगेला दिसते. मी उभी राहिले तेव्हा मला माझेच गाणे वाचता आले नाही.

धबधबा तेव्हाच काढला. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जिथे प्रकाश टाकत नाही तो भाग आपल्याला काळा वाटतो, एवढेच. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी दहाचे ऊन आत आले की तो काळा राखाडी होतो, चित्र फिके पडते आणि अक्षरे त्यात विरघळतात. आमच्याकडे साध्या पांढऱ्यावर गडद अक्षरे सगळ्यात बरी दिसतात. संध्याकाळच्या सभेला उलट, गडद पार्श्वभूमीवर पांढरी. अंधारात पांढरा पडदा डोळ्यांवर येतो.

देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून ओळींतले अंतर दीडपटीच्या आसपास ठेवा. दोन अक्षरांतले अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. फार जाड अक्षरही नको, जोडाक्षरांची पोटे भरून जातात. मी कोणताही फाँट निवडताना चार शब्द टाकून बघते: ख्रिस्त, स्वर्ग, कृपा, दुसऱ्या. शेवटच्या शब्दातला अर्धा र नीट आला तर फाँट मराठीसाठी चालेल. ल आणि श हेही मराठी वळणाचे हवेत. नव्याने वाचायला शिकलेली बाई हिंदी वळणाच्या ल पाशी थबकते, आणि तोवर गाणे पुढे गेलेले असते.

फाँट युनिकोडच हवा. एका मेळाव्यात जुन्या फाँटमधली आमची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. तीनशे माणसे ती बघत बसली. आता पीडीएफ प्रतही सोबत ठेवतो. आणि कागदावरची एक, कारण वीज आमच्या वेळापत्रकाने जात नाही.

एका स्लाइडवर चार ओळी पुरेत. ओळ कुठे तोडायची हे रुंदीवर सोडू नका, चालीवर ठरवा. नारायण वामन टिळकांनी (1861-1919) ख्रिस्ती भक्तीला अभंग दिला. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिन्हीत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. चरणाला एक ओळ दिली की श्वास कुठे घ्यायचा ते डोळ्यांना दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमकही दिसते. संगणक आपणहून ओळ मोडतो तेव्हा "डोंगरा" वर राहते आणि "वरून" खाली जाते. पुस्तकात कागद वाचवायला नुसते "ध्रु." लिहितात. पडद्यावर कागद लागत नाही, तेव्हा प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद पूर्ण लिहा. नाहीतर स्लाइड बदलणारा मुलगा मागे शोधत जातो आणि मंडळी त्याची वाट बघते.

कवीचे नाव पहिल्या स्लाइडवर खाली लिहावे. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. टिळकांची गीते केव्हाच मोकळी झाली आहेत, पण हयात कवीचे गाणे घेताना विचारायला हवे. सहसा आनंदाने हो म्हणतात.

सर्वांत मोठी चूक राहिली. त्या पहिल्या रविवारी एक गाणे मावचीतले होते. मावचीला स्वतःची लिपी नाही, आपण ती देवनागरीत लिहितो. मी लिहिताना शब्द "सुधारले". जिथे मराठीसारखा शब्द वाटला तिथे मराठी शुद्धलेखन घातले. मंडळीचे एक वडील नंतर शांतपणे म्हणाले, "ताई, हे आमचं नाही. हे शाळेतलं आहे." वीस वर्षे आदिवासी भाषेच्या सन्मानावर बोलत आले होते मी!

नहेम्याच्या 8 व्या अध्यायात एज्रा नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ समजावतात. काही अभ्यासक म्हणतात, बंदिवासातून परतलेल्यांची बोली अरामी झाली होती, म्हणून ते भाषांतरही करत असावेत. लोकांनी आधी शुद्ध इब्री शिकून यावे, असे तिथे कोणी म्हटले नाही.

आम्ही गाणी परत लिहिली. आजी गायली, मी मोबाइलवर रेकॉर्ड केले. मंडळीतल्या दोन मावची बहिणी आणि एका शिक्षकांनी ऐकून शब्द उतरवले, मोठ्याने वाचून आजीला ऐकवले. तिने हरकत घेतली की शब्द बदलायचा, शिक्षकांचे मत काहीही असो. असे बारा गाण्यांचे काम झाले आहे. त्याच स्लाइड मोठ्या कागदावर छापून संध्याकाळच्या साक्षरता वर्गात लावल्या. गाणे पाठ असल्याने पुढचा शब्द कोणता हे बायकांना माहीत असते, फक्त तो दिसतो कसा हे बघायचे असते. आजी वर्गाला येते ती चुका काढायला, असे ती सांगते. मागच्या आठवड्यात तिने एका ओळीवर बोट ठेवून "येशू" दाखवला. तो येशूच होता.

फोटो या वेळी पाठवला आहे. त्यात पडदा काळा दिसेल. प्रोजेक्टर बिघडलेला नाही, बी दाबलेले आहे.