केडीई आणि ग्नोम : स्पर्धेतील समान संकेत

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर दिसणाऱ्या खिडक्या, चित्रखुणा आणि याद्या हे प्रणालीच्या गाभ्याचे कार्य नव्हे. ते ‘डेस्कटॉप’ नावाचा निराळा कार्यक्रमसंच करतो. केडीई आणि ग्नोम हे असे दोन प्रमुख संच होत. दोहोंची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते.

ट्यूबिंगेन येथील विद्यार्थी माथियास एट्रिख याने 1996 साली केडीईचा आरंभ केला. त्याने आधारास घेतलेले ‘क्यूटी’ हे नॉर्वेतील एका कंपनीचे साधन त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हते. म्हणून 1997 च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी ग्नोमची घोषणा केली. भांडण रूपाचे नव्हते, तत्त्वाचे होते. साहजिकच ते कडवट झाले. 2000 साली क्यूटी मुक्त परवान्याखाली आले खरे, पण तोवर दोन्ही घरे उभी राहिली होती.

या दुहीचा भार वापरणाऱ्यावर पडे. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याचे साधे काम घ्या. खिडक्या रेखाटणाऱ्या ‘एक्स’ यंत्रणेत यासाठी दोन कप्पे असतात : माउसने नुसता निवडलेला मजकूर एकात, आज्ञा देऊन उचललेला दुसऱ्यात. क्यूटीच्या दुसऱ्या आवृत्तीत या दोहोंची गल्लत होई. एक शब्द उचलावा, त्याने बदलायचा दुसरा शब्द निवडावा, तोच पहिला नाहीसा व्हावा! तिसऱ्या आवृत्तीने समान संकेत स्वीकारला, तेव्हा ही पीडा टळली.

असे संकेत लिहून ठेवण्यासाठी ग्नोमचे एक कार्यकर्ते हॅवक पेनिंग्टन यांनी 2000 साली ‘फ्रीडेस्कटॉप’ हे व्यासपीठ स्थापिले. त्याच्या हाती दंडशक्ती नाही. पटले तरच संकेत पाळावयाचा. प्रत्येक कार्यक्रमाचे नाव, चित्रखूण व आज्ञा एका लहानशा धारिकेत नोंदविण्याची रीत तेथे ठरली. तीत निरनिराळ्या भाषांतील नावे देता येतात. त्यामुळे एखाद्या कार्यक्रमाचे मराठी नाव एकदाच नोंदविले की ते दोन्ही डेस्कटॉपांच्या यादीत उमटते.

याहून कठीण प्रश्न कार्यक्रमांच्या परस्पर संभाषणाचा होता. केडीईजवळ स्वतःची ‘डीकॉप’ पद्धती होती, ग्नोम ‘कॉर्बा’ वापरी. डीकॉपपासून बरेच काही शिकून ‘डी-बस’ ही सामाईक पद्धती घडविण्यात आली. 2008 च्या जानेवारीत आलेल्या चौथ्या आवृत्तीत केडीईने आपली चालती पद्धती सोडून डी-बस घेतली. ग्नोमनेही कॉर्बा क्रमाक्रमाने बाजूस सारली. स्वतः घडविलेले अवजार असे खाली ठेवणे सोपे नसते.

2009 साली लास पाल्मास येथे दोन्ही संघांची वार्षिक संमेलने प्रथमच एकत्र भरली. तरीही सर्वत्र एकमत झाले असे नाही. पडद्याच्या कडेस कार्यक्रमांची सूचक चिन्हे दाखविण्याचा केडीईप्रणीत संकेत ग्नोमने आपल्या मूळ रचनेत घेतला नाही. तेथे ती चिन्हे ज्यास हवी असतील त्यास निराळी जोडणी बसवावी लागते.