आधी बघ, ओ कोणी दिली

वाशी, जि. धाराशिव

चि. स्नेहल,


तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून नीट वाचला. रस्ट बसलं, पण कार्गोने पुढचं टूल टाकताना दर वेळी शेवटच्या टप्प्यावर अडतंय. सगळं काढून परत टाकलंस, तरी तेच. ताईला म्हणालीस म्हणे, ‘माझ्याच्याने हे होणार नाही.’ पोरी, असं म्हणू नकोस. उत्तर त्या फोटोतच आहे: ‘लिंक: एक्स्ट्रा ऑपरंड’.

मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचं नाव लिंक डॉट ईएक्सई. कोडचे तयार तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम करणं हे त्याचं काम. युनिक्सकडेही लिंक नावाची एक लहानशी कमांड आहे. ती एका फाइलला आणखी एक नाव देते, बाकी काही नाही, आणि तिला दोनच नावं चालतात. रस्टने तिच्यापुढे ढीगभर फाइली टाकल्या, तेव्हा तिने जास्तीच्या फाइलीवर बोट ठेवलं. हाक मारली एकाला, ओ दिली दुसऱ्यानेच.

ही दुसरी लिंक गिटबरोबर आली. गिटच्या इन्स्टॉलरमध्ये पाथबद्दल विचारणारं एक पान येतं. तिथला तिसरा पर्याय निवडला की युनिक्सची टूल्स विंडोजच्या पाथमध्ये येतात. फाइंड, सॉर्ट अशी विंडोजची टूल्स त्यामुळे झाकली जातील, असं तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. तू तो पर्याय निवडला असशील, नाहीतर गिट बॅशमधूनच कार्गो चालवलं असशील. इन्स्टॉलरमधली लाल अक्षरं वाचल्याशिवाय ‘नेक्स्ट’ दाबायचं नाही, हे मी इथल्या पोरांनाही बजावतो.

पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. कॉम्प्युटर ती वरून खाली बघतो आणि त्या नावाचं जे पहिलं सापडेल ते चालवतो. काम कुठलं आहे ते बघत नाही. पाकिटावर नुसतं ‘वाशी, महाराष्ट्र’ लिहिलं तर ते नवी मुंबईलाच जायचं. जिल्हा आणि 413 ने सुरू होणारा पिन घातला, तर आपल्याकडे येईल.

म्हणून परत इन्स्टॉल करण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर लिंक’ विचार. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव टाक, कारण तिथे नुसतं व्हेअर म्हणजे वेगळीच कमांड. गिट बॅशमध्ये ‘टाइप -ए लिंक’. जेवढ्या लिंक असतील तेवढ्या पत्त्यासकट दिसतील.

आता महत्त्वाचं. गिटची लिंक पुसून टाकू नकोस, तिचा काही दोष नाही. रस्ट आधी व्हिज्युअल स्टुडिओचा लिंकर स्वतः शोधतं. तो सापडला नाही तरच पाथवर विसंबतं. म्हणजे तुझ्याकडे तो लिंकर आणणारी बिल्ड टूल्सच नसणार. ती टाक, आणि टाकताना सी प्लस प्लसच्या डेस्कटॉप डेव्हलपमेंटवर खूण कर. डाउनलोड काही जीबींचं आहे, मोबाइलच्या डेटावर करू नकोस. आणि कोणी सांगितलं म्हणून ‘सेटएक्स’ने पाथ बदलायला जाऊ नकोस. ती कमांड 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि मग चालणाऱ्या गोष्टीही बंद पडतात.

अशा नावांच्या गोंधळाने मोठमोठ्यांना घोर लावलाय. डेबियनमध्ये ‘नोड’ हे नाव हौशी रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रामकडे आधीपासून होतं. मग नोड डॉट जेएस आलं आणि त्यालाही तेच नाव हवं होतं. वाद 2012 मध्ये तांत्रिक समितीपर्यंत गेला, आणि काही काळ तिथे ‘नोडजेएस’ असं टाइप करावं लागे. इमेजमॅजिकची ‘कन्व्हर्ट’ चित्रांचं रूप बदलते, तर विंडोजची ‘कन्व्हर्ट’ डिस्कची फाइल सिस्टिम एनटीएफएस करते! इमेजमॅजिकने सातव्या आवृत्तीत ‘मॅजिक’ ही मुख्य कमांड केली, ते बरं झालं.

उद्या तू दुसऱ्यांसाठी इन्स्टॉलर लिहिशील. त्यात विंडोजची फाइंड वापरायची असेल तर नुसतं नाव लिहू नकोस, सिस्टिम 32 मधला तिचा पूर्ण पत्ता लिही. ज्याच्या लॅपटॉपवर तो चालणार आहे, त्याने आधी काय काय टाकून ठेवलंय ते तुला दिसणार नाही.

‘व्हेअर’ने काय दाखवलं ते आजच पाठव, मग बिल्ड टूल्सला हात लाव. आणि ताईला फोन कर, ती काळजीत आहे.

तुझा मामा