कलपाचा रंग आणि कातडीची स्मरणशक्ती

घरी कोणी केसांना कलप लावत असेल तर नीट पाहा. पुष्कळ कलपांत दोन बाटल्या असतात. दोन्हींतले द्रव वेगळे असताना काळे नसतात. एकत्र केले की मिश्रण हळूहळू काळे पडते. हा रंग येतो कोठून?

एका बाटलीत बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी, असते. बेन्झीनच्या कड्यावर समोरासमोर दोन अमिनो गट, एवढीच त्याची रचना, रेणुभार १०८. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. सोबतच्या अमोनियामुळे केस फुगतो, त्याचे खवले उचलले जातात आणि पीपीडीचे चिमुकले रेणू आत शिरतात. तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. मग ते एकमेकांशी व इतर रेणूंशी जोडले जाऊन मोठे, रंगीत रेणू बनतात. मोठे झाल्यावर त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणूनच केस धुतले तरी रंग टिकतो.

पण हाच लहानपणा कातडीला त्रासदायक ठरतो. ५०० पेक्षा अधिक रेणुभाराचे पदार्थ धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत. १०८ भाराचा रेणू जातो. आत तो त्वचेच्या प्रथिनांना चिकटतो. हे बदललेले प्रथिन शरीराच्या रक्षक पेशींना परके वाटते. काही व्यक्तींच्या पेशी त्याची ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. पहिल्या वेळी बाहेर काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी तोच पदार्थ लागला की खाज, लाली, सूज, फोड! तेव्हा ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

मग कलप म्हणजे विषच का? नाही. बहुसंख्य लोकांना त्याचा त्रास होत नाही. मात्र प्रमाण आणि जागा यांना महत्त्व आहे. युरोपीय संघात केसांना लावायच्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांहून अधिक चालत नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये पीपीडी असलेल्या पापण्यांच्या रंगाने एका स्त्रीची दृष्टी गेली. १९३८ च्या कायद्यानुसार तेथे अशा कलपांवर धोक्याची सूचना छापावी लागते.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य नारिंगी ते तपकिरी रंग देते. तो चढायला काही तास लागतात. जत्रेत वा लग्नात हातावर झटपट काळीभोर उठणारी ‘काळी मेंदी’ दिसली, तर तीत पीपीडी मिसळलेले असण्याचा संभव मोठा. तेथे प्रमाण कोणी मोजलेले नसते आणि लेप थेट कातडीवर बसतो. बाराव्या वर्षी हातावर काढलेल्या नक्षीची किंमत चाळिसाव्या वर्षी कलप लावताना मोजावी लागू शकते. अशी मेंदी नाकारा.

कलपाच्या वेष्टनावर सांगितलेली चाचणी ४८ तास आधी, थोडासा कलप त्वचेवर लावून करतात. पूर्वी त्रास झाला असेल तर चाचणीही नको. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

विचार करा :
१. चाचणीसाठी दहा मिनिटे का पुरत नाहीत? (सूचना : रक्षक पेशींना जमायला एक ते तीन दिवस लागतात.)
२. १ मिलिग्रॅम पीपीडीत किती रेणू असतील? (उत्तर : सुमारे ५६ वर १७ शून्ये.)