खऱ्या सोबत्याची पारख



मनुष्यानें एकटें असावें हें देवास बरें वाटलें नाहीं, असें आपण उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायांत वाचतों. प्रभूनेंही आपल्या बारा शिष्यांस गांवोगांव पाठविलें तें दोघां-दोघांस. खेड्यांत एकट्यानें काम करणाऱ्या उपदेशकास ह्याचें मर्म निराळें सांगावयास नको. सोबती पाहिजे हें सर्वांसच पटतें; तो कसा असावा येथें मात्र आपण फसतों. जो आपल्या प्रत्येक म्हणण्यास मान डोलावितो तो मित्र, असा आपला समज असतो. ह्या पाठांत दोन प्रसिद्ध पुरुषांच्या मैत्रीचा विचार करूं: एक चार्ल्स फ्रीअर अँड्रूज, व दुसरे मोहनदास करमचंद गांधी.

अँड्रूजसाहेब 1904 सालीं दिल्लीच्या केंब्रिज मिशनमध्यें आले व सेंट स्टीफन्स कॉलेजांत शिकवूं लागले. तेथें सुशीलकुमार रुद्र ह्या हिंदी ख्रिस्ती गृहस्थांशीं त्यांचा स्नेह जडला. 1906 सालीं कॉलेजास नवा प्रिन्सिपॉल नेमावयाचा होता. युरोपियन शिक्षकांवर हिंदी मनुष्य कसा नेमावा, अशी शंका कित्येकांनीं काढिली. परंतु अँड्रूज रुद्रांच्या बाजूनें ठाम उभे राहिले, आणि रुद्रच नेमले गेले. स्वतःस मिळण्याजोगी जागा मित्रास मिळावी म्हणून झटणें सोपें नव्हे. राज्य दाविदास मिळावें ह्यांत संतोष मानणारा योनाथान येथें कोणास आठवणार नाहीं?

पुढें दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांच्या लढ्यास साह्य पाहिजे होतें, म्हणून पुण्याचे नामदार गोखले ह्यांच्या सांगण्यावरून अँड्रूज व त्यांचे स्नेही पिअर्सन 1913 च्या अखेरीस तिकडे निघाले. जानेवारी 1914 मध्यें दरबानच्या धक्क्यावर गांधीजींची भेट होतांच अँड्रूजनीं वाकून त्यांच्या पायांस हात लाविला. तेथील गोऱ्या लोकांस तें फार झोंबलें. ह्या भेटींतून जी मैत्री वाढली तींत हे दोघे एकमेकांस ‘मोहन’ व ‘चार्ली’ म्हणूं लागले. गांधीजींस अशा नांवानें हांक मारणारे फारच थोडे होते.

येथपर्यंत सर्व गोड आहे. कसोटी पुढें लागली. 1918 सालीं महायुद्धासाठीं गांधीजी खेडा जिल्ह्यांत सैन्यभरती करूं लागले. अहिंसा शिकविणाऱ्यानें लोकांस रणांगणावर जा म्हणावें, हें अँड्रूजना पटेना, व त्यांनीं तसें स्पष्ट लिहिलें. गांधीजींनींही लांबलांब पत्रें लिहून आपली बाजू मांडिली. 31 जुलै 1921 रोजीं मुंबईंत परळ येथें परदेशी कापडाची मोठी होळी झाली. तेव्हां अँड्रूजनीं कळवळून लिहिलें कीं, दुसऱ्या माणसांच्या हातचें सुंदर काम जाळणें ही एक प्रकारची हिंसाच आहे. आतां आपणांस खादी घालण्याचाही संकोच वाटूं लागला आहे. ह्या पत्राचें गांधीजींनीं काय केलें? पेटींत लपवून ठेविलें नाहीं. सप्टेंबर 1921 मध्यें तें आपल्याच ‘यंग इंडिया’ पत्रांत छापिलें, आणि त्यासोबत उत्तर दिलें. त्या उत्तरांत माघार नव्हती. मित्राविषयीं अढीही नव्हती.

आपल्या मंडळींत काय होतें? पंचांच्या बैठकींत एकानें दुसऱ्याचें म्हणणें खोडिलें, कीं पुढल्या रविवारीं दोघे देवळांत दोन टोकांस बसतात, आणि महिन्याभरांत मुलांनीं एकमेकांच्या दारीं खेळूं नये इथवर मजल जाते. उपदेशक बंधूंचें तर विशेष कठीण. सारा गांव त्यांस ‘मास्तर’ म्हणून मान देतो, आणि त्या मानामुळेंच त्यांच्या तोंडावर खरें कोणी बोलत नाहीं. शेजारचा उपदेशक पांच कोसांवर असला, तरी महिन्यांतून एकदां त्याच्या ओट्यावर जाऊन बसावें, व आपलें काय चुकतें हें त्यास मोकळेपणानें विचारावें. तो बोलूं लागला, कीं मध्येंच तोडूं नये. ही गोष्ट चालण्याहून अवघड आहे.

अँड्रूज व गांधीजी ह्यांची सोबत मात्र सुटली नाहीं. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतां त्यांस आंत्रपुच्छाचा विकार झाला, व 12 जानेवारी 1924 रोजीं रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक ह्यांनीं शस्त्रक्रिया केली. अँड्रूज पुण्यास धांवून आले. पुढें जुहूस गांधीजी विश्रांति घेत असतां तेथेंही ते त्यांजजवळ राहिले व लिहिण्याच्या कामांत त्यांनीं हातभार लाविला. अडीच वर्षांपूर्वीं ज्यानें एवढी कडक टीका केली, तोच आतां उशाशीं होता.

फेब्रुवारी 1940 मध्यें अँड्रूज कलकत्त्यास रुग्णालयांत पडून होते, तेव्हां गांधीजी त्यांस भेटावयास गेले. 5 एप्रिल रोजीं अँड्रूज वारले. जेथें त्यांनीं पुष्कळ वर्षें घालविलीं त्या शांतिनिकेतनासाठीं 5 लाख रुपयांचा स्मारकनिधि जमविण्याचें ठरलें. 1942 च्या मे महिन्यांत गांधीजी इंग्रजांनीं हिंदुस्थान सोडून जावें असें उघड लिहीत होते. आणि त्याच महिन्यांत मुंबईस जाऊन, एका इंग्रजाच्या नांवानें देणग्या मागून, त्यांनीं तो निधि पुरा केला.