दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीय? बाळंतपणाआधी हे कागद आणि हा खर्च बघा

योनीमार्गातून दुर्बीण घालून (हिस्टेरोस्कोपी) पॉलिप, फायब्रॉइड किंवा गर्भाशयातला पडदा काढतात, तेव्हा पोटावर टाका पडत नाही. बहुतेक वेळा सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. एवढंसंच तर होतं, म्हणून फाइलकडे कोणी बघत नाही. पुढे दिवस राहिले की नवे डॉक्टर विचारतात, 'आत नेमकं काय केलं होतं?' तुमच्या हातात फक्त बिल असेल, तर जोखीम नको म्हणून थेट सिझेरियन सुचवलं जाऊ शकतं. खरा महागडा खर्च तो.

त्यामुळे ऑपरेशन नोट्स मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावरची 'हिस्टेरोस्कोपी केली' ही एक ओळ पुरत नाही. काय काढलं, किती मोठं, गर्भाशयाच्या स्नायूत किती खोल गेलं, आरपार छिद्र पडलं का आणि बायॉप्सीचा अहवाल, एवढं लेखी हवं. लेखी अर्ज करा, पोच घ्या. अर्जानंतर 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र दाखल रुग्णांच्या नोंदी जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांपुरतीच. मूल लांबवणार असाल तर कागद आजच घ्या.

मूल होऊ देण्याचा प्रयत्न कधी करायचा? पॉलिप काढला असेल तर साधारण पुढच्या पाळीनंतर. पडद्याला एक-दोन महिने, फायब्रॉइडला दोन-तीन महिने थांबायला सांगतात. अशा शस्त्रक्रियेनंतर नॉर्मल बाळंतपण बहुतेकींना शक्य असतं. 'दुर्बीण झालीय, आता सिझरच' असं कोणी म्हणालं, तर कारण लेखी मागा. पण छिद्र पडलं असेल किंवा स्नायूत खोलवर काप असेल, तर कळांच्या वेळी गर्भाशय फाटण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो. ही गोष्ट लपवू नका. गर्भाशयाच्या आत चिकटलेले पापुद्रे सोडवले असतील तर वार घट्ट चिकटून राहू शकते. तेव्हा रक्ताची सोय असलेलं रुग्णालय गाठा, घराजवळचं छोटं प्रसूतिगृह नको.

सर्वांत जास्त लक्ष हवं ते गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढला असेल तर, म्हणजे लीप किंवा कोन बायॉप्सी. काप जितका खोल, तितकी वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता अधिक; 10 मिलिमीटरच्या पुढे ती वाढत जाते. बायॉप्सीच्या अहवालात तुकड्याचं माप असतं, ते बघून ठेवा. गरोदरपणात 16 ते 24 आठवड्यांत योनीमार्गे सोनोग्राफीने तोंडाची लांबी मोजतात. 25 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन द्यायचं की तोंडाला टाका घालायचा, हा निर्णय डॉक्टर घेतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच ही लांबी मोजून मिळेल का, की वेगळे पैसे पडतील, ते आधी विचारा. सोनोग्राफीला जाताना ओळखपत्र सोबत न्या.

आता शस्त्रक्रियेचं बिल. 'पॅकेज' म्हटलं की यादी मागा: भूलतज्ज्ञांची फी, दुर्बिणीचं भाडं, एकदाच वापरायची पाती, बायॉप्सी, औषधं. यातलं बाहेर काय राहिलं ते लिहून घ्या. बायॉप्सी अनेकदा बाहेर असते. अतिदक्षता विभाग सोडून खोलीचं भाडं दिवसाला 5,000 रुपयांच्या वर गेलं तर 5 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 6,000 च्या खोलीला रोजचे 300 जादा. काही तासांसाठी दाखल होताना डीलक्स खोली कशाला?

विम्यात तर खोलीच घात करते. पॉलिसीत भाड्याची मर्यादा 4,000 आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली, तर सर्जन, भूल आणि थिएटरच्या 60,000 पैकी कंपनी 30,000 च देऊ शकते. वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात. तुम्हाला रक्तस्रावाचा त्रास आहे, पॉलिप आहे, आणि फॉर्मवर नुसतं 'वंध्यत्व' लिहिलंय? खरा आजार नोंदवून घ्या. खोटं मात्र काही लिहून घेऊ नका, दावा फेटाळला जाईल. कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. खोळंबलात तर वेळ लिहून ठेवा.

पैशाची ओढाताण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार लागेल. हेल्पलाइन 155388. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदरपणाची तपासणीही मोफत होते.

शस्त्रक्रियेला अजून 3 वर्षं झाली नसतील, तर नोट्ससाठीचा अर्ज याच आठवड्यात द्या.