चामड्याच्या कडेसाठीं लांकडाची घोटणी

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-५, प्रेषितांचीं कृत्यें ९:४३

नवी चप्पल घेणारा सामान्य मनुष्य तिचा पट्टा पाहतो. जाणता मनुष्य ती हातांत फिरवून तिची कड पाहतो. रापीनें कापलेल्या कडेवर चामड्याचे तंतू उघडे पडतात. त्यांत पाणी व धूळ शिरते, तंतू फुगतात आणि थर सुटूं लागतात. हे तंतू दाबून बसविण्यासाठीं कड घोटावी लागते. त्याकरितां लागणारी लांकडी घोटणी घरीं कशी करावी, हें आजच्या पाठांत सांगावयाचें आहे.

पूर्वी आपल्या खानदेशांत विहिरींवर चामड्याच्या मोटा चालत, आणि त्या शिवण्यावर कित्येक घरांचें पोट भरे. पुढें इंजिनें व विजेचे पंप आले, मोट गेली. मागून रबराच्या व प्लास्टिकच्या चपला आल्या. आतां ज्याच्या हातीं आरी व रापी उरली आहे, त्याला स्वस्त मालाशीं भावांत झुंजतां येणार नाहीं; सफाईंत मात्र खास येईल.

लांकूड. लांकूड कठीण, बारीक पोताचें व पुरतें वाळलेलें असावें. शिसव, खैर, चिंच किंवा बाभूळ चालते. अंजनाचें लांकूड तर फारच कठीण व जड. तें घासावयास वेळ लागतो, पण टिकतें. याकरितां उभें झाड तोडूं नये. मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा आरा मिळाल्यास तो उत्तम, कारण तो वर्षानुवर्षें वाळलेला असतो. आम्हीं देवपुरांत प्रथम केलेली घोटणी ओल्या बाभळीची होती. पांझरेकांठच्या उन्हाळ्यांत ती महिन्याभरांत उभी तडकली. तो धडा आम्हांस पुरे झाला.

कृति. सहा इंच लांब व दीड इंच जाड असा, गांठ नसलेला तुकडा घ्यावा. वाकसानें त्याचे कोन उडवावे आणि रंध्यानें व कानशीनें तो गोल करावा. एक टोंक निमुळतें पण बोथट ठेवावें. तें पट्ट्याच्या भोंकांच्या कडा घोटण्यास उपयोगी पडतें.

नंतर दुसऱ्या टोंकाकडे अर्धा अर्धा इंच अंतर सोडून पेन्सिलीनें सभोंवार तीन रेघा काढाव्या. प्रत्येक रेघेवर करवतीनें उथळ काप घ्यावा व गोल कानशीनें तो वाढवून खांच करावी. पहिली खांच एक सूत रुंद, दुसरी दीड सूत व तिसरी दोन सूत, म्हणजे सुमारें ३, ५ व ६ मिलिमीटर असावी. खांचेचा तळ अर्धगोल असावा. चौकोनी तळानें कड गोल होत नाहीं. तोंड किंचित् पसरट ठेवावें, नाहींतर चामड्यावर ओरखडे उठतात.

शेवटीं काचकागद दोरीभोंवतीं गुंडाळून खांचा घासाव्या. आधीं १२० नंबरचा, मग २४० व ४०० नंबरचा. नख फिरविलें असतां कोठें अडकूं नये. वरून थोडें मधमाशांचें मेण चोळावें. कोणी जवसाचें तेल लावितात. तें लावल्यास घोटणी पुरती सुकल्यावांचून वापरूं नये. तेलाचें फडकें चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नये. तें आपोआप तापून पेट घेतें. तें बाहेर पसरून वाळवावें.

घोटण्याची रीत. प्रथम कडेचे दोन्ही कोन रापीनें किंचित् उतरावे. मग बोटानें कड ओलसर करावी. ती भिजवूं नये. पाण्यांत थोडा बाभळीचा डिंक विरघळविला तर तंतू अधिक घट्ट बसतात. जाडीप्रमाणें खांच निवडून हलक्या हातानें, पण झपाझप, मागें-पुढें घासावें. ओलाव्यानें तंतू मऊ होतात, घर्षणाच्या उष्णतेनें व दाबानें ते एकमेकांस चिकटून बसतात, आणि कड चकाकूं लागते. फार जोर दिल्यास ती छत्रीसारखी पसरते. शेवटीं मेण लावून पुनः घोटावें.

ही रीत साल व हिरड्यासारख्या झाडपाल्यानें कमाविलेल्या चामड्याची आहे. २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलांचें चामडें असेंच असतें. क्रोमनें कमाविलेल्या चामड्याची कापलेली कड बहुधा निळसर दिसते. तिचे तंतू घोटूनही पुनः उठतात. तेथें श्रम व्यर्थ होत.

बंधूंनो, कित्येक तरुणांस आजोबांच्या ऐरणीजवळ बसण्याची लाज वाटते, असें आम्हीं पाहिलें आहे. ही लाज त्यांची नव्हे. ज्यांनीं या कामास नीच म्हटलें, त्यांची ती आहे. पेत्र यापोंत पुष्कळ दिवस राहिला तो कातडें कमाविणाऱ्या शिमोनाच्या घरीं. निवासमंडप उभारण्यासाठीं देवानें बसालेलास आपल्या आत्म्यानें भरलें, आणि त्या मंडपावर कातड्यांचें आच्छादन होतें. विल्यम केरी यांनीं तरुणपणीं इंग्लंडांत जोडे शिवले. त्यांनींच पुढें बंगालच्या श्रीरामपुराहून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८११ सालीं मराठी नवा करार छापून प्रसिद्ध केला.

तुमचा मुलगा दुसरा धंदा शिकूं इच्छील, तर त्यास आनंदानें शिकवा. मात्र हा धंदा सोडावयाचा तो लाजेनें सोडूं नये. आणि जो तो चालवील त्यानें जी कड गिऱ्हाईक पाहणार नाहीं, तीही घोटावी. कारण पावसाळ्यांत पाणी नेमकें तेथूनच शिरतें.

विचारासाठीं प्रश्न
१. कड घोटल्यावांचून दिलेला माल विकणें हें प्रामाणिकपणाचें आहे काय?
२. आपल्या मंडळींतील कोणत्या कारागिरास आपण त्याच्या धंद्यावरून कमी लेखतों?
३. येत्या आठवड्यांत एका मुलास कोणतें हत्यार करावयास शिकवितां येईल?