कांदा होईपर्यंत थांब

अगं, भाजी जमते पण रस्सा जमत नाही, हे तुझं परवाचं गाऱ्हाणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. पाणी एकीकडे, मसाला एकीकडे, मध्ये बटाटे तरंगतायत, असं तू म्हणालीस ना? त्यावर बाजारातली तयार पेस्ट आणायचा विचार तू करतेयस, म्हणून मुद्दाम सांगते. त्या पैशात महिनाभराचं कांदा-खोबरं येईल. तुझ्या हाताला चव आहे. तू फक्त एका ठिकाणी घाई करतेस, कांद्याला.

तुझ्या घाटकोपरच्या घरमालकांनी अंडं-मच्छी चालणार नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा साधा बटाट्याचा रस्साच धर. तो नीट आला की मटकी, वांगी, फ्लॉवर, ओले वाटाणे सगळं त्याच वाटणात होतं. दहा भाज्या शिकण्यापेक्षा एक वाटण हाताखालून जाऊ दे.

दोघींपुरतं माप सांगते. मध्यम दोन कांदे उभे चिरायचे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, बोटाच्या पेरभर आलं, चमचाभर धणे. खोबरं आधी, कोरडंच, मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून ताटलीत काढ. कढईत ठेवशील तर गॅस बंद केल्यावरही ते काळं पडत जातं. भाजण्याआधी चिमूटभर तोंडात टाकून बघ. आपल्या दमट हवेत खोबरं पटकन खवट होतं, पावसाळ्यात तर फारच, आणि खवटपणा कुठल्याही मसाल्याखाली लपत नाही. खोबऱ्याची वाटी फ्रिजमध्येच ठेवत जा.

आता कांदा. चमचाभर तेलावर टाक, चिमूटभर मीठ घाल आणि उभी राहा. मिठाने पाणी लवकर सुटतं. सुरुवातीला नुसती वाफ येईल, उग्र, डोळ्यांत जाणारी. कांद्यात पाणी आहे तोवर त्याची उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही, म्हणून तो शिजतो, पण भाजला जात नाही. तू नेमकी इथेच थांबतेस, तो पांढरा-पारदर्शक झाला की. अजून थांब. पाणी उडालं की कढईतला आवाज बदलतो, चुरचुर बारीक होते, कडा सोनेरी होतात, वास गोडसर होतो. मग मध्यावर रंग चढतो आणि कढईभर दिसणारा कांदा मूठभर उरतो. गुळाच्या रंगावर आला की झाला. बारा-पंधरा मिनिटं लागतात, गॅस मोठा करून ती वाचत नाहीत. कडा करपतात, आत कच्चा राहतो आणि तो कच्चेपणा रश्श्यात गोडमिट्ट, पाणचट लागतो. शेवटी आलं, लसूण, धणे घालून मिनिटभर परत. सगळं गार होऊ दे, मग थोडं थोडं पाणी घालत गंधासारखं बारीक वाट. वाटण जाडसर राहिलं तर रस्सा मिळून येत नाही, खोबरं खाली बसतं आणि पाणी वर येतं. तुझं अर्धं गाऱ्हाणं इथेच मिटेल.

उरलेलं अर्धं मसाला कधी घालायचा याचं आहे. तू उकळत्या रश्श्यात मसाला टाकतेस. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून कढईत तीन चमचे तेल, जिरं, हिंग, मग वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परत. आता आच कमी कर, पाव चमचा हळद आणि दोन चमचे मसाला घाल. तळाला लागतोय असं वाटलं तर चमचाभर पाण्याचा हबका मार. अर्ध्या मिनिटात लाल तेल वर दिसेल. त्याचीच पुढे तर्री होते.

मसाला कुठला, हे तुझ्या डब्यात काय आहे त्यावर. आई उन्हाळ्यात लालबागला जाऊन मिरच्या निवडते, बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि कुटून आणते, तो असेल तर दुसरं काही बघू नकोस. बरणीत हिंगाचे दोन खडे टाकून ठेव, म्हणजे किडा लागणार नाही. तो संपला तर मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला, कुठलाही एक. दोन एकत्र करू नकोस, आणि वरून गरम मसाला तर अजिबात नको. उपनगरात आपल्याभोवती किती मसाले आहेत बघ. माझ्या बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत ईस्ट इंडियन घरांतून बाटल्यांत भरलेला बॉटल मसाला असतो, अंधेरीला वेसाव्याच्या कोळीवाड्यात कोळी मसाला. प्रत्येकाचं आपलं प्रमाण बसलेलं आहे, म्हणून ते एकमेकांत मिसळले की कुणाचीच चव राहत नाही.

बटाटे तीन, मोठ्या फोडी करून याच मसाल्यात दोन मिनिटं परत आणि मग पाणी, दोन-अडीच वाट्या, कडकडीत गरम. गार पाण्याने उकळी मोडते आणि तर्री दबते. मीठ घालून झाकण ठेव. बटाटा शिजल्यावर दोन फोडी पळीने रश्श्यातच मोडायच्या, दाटपणा त्यानेच येतो. आमसुलं दोन, पण बटाटा मऊ झाल्यावरच. आधी आंबट पडलं तर बटाटा दडस राहतो, कितीही उकळ. टोमॅटोचंही तेच. खरं तर या रश्श्याला टोमॅटो लागतच नाही, हॉटेलातल्या ग्रेव्हीची सवय झालीय म्हणून आपण घालतो.

मापं मी सांगितली खरी, तरी आपल्या घरात 'रुचिरा'ची ती तेलकट डागांची प्रत आहे, ती या खेपेला घेऊन जा. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्यात मापं लिहून दिली, तेव्हा नव्याने संसार मांडणाऱ्या कितीजणींना शेजारी कुणी सांगणारं नव्हतं. तूही घरापासून लांब राहतेस, तुलाही त्याचा आधार वाटेल.

मला माहितीये, मरोळहून सुटून, मेट्रोच्या गर्दीतून घाटकोपरला पोचेपर्यंत तुला साडेआठ होतात. त्या वेळी पंधरा मिनिटं कांदा परतत उभं राहा असं मी म्हणणार नाही, आणि रात्री दहाला मिक्सर लावलास तर खोलीतल्या मुली चिडतील. म्हणून वाटण रविवारी चौपट कर. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलंस तर महिनाभर. दोघींना चार ठोकळे पुरतात. आमच्या बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, घरी पोचायच्या आत निम्मं काम उरकलेलं असतं. तुझ्या मेट्रोत तेवढी जागा मिळायची नाही, तुझी निवडानिवड रविवारीच.

आणि रोज करायलाच हवं असं नाही गं. दमलीस तर वरणभात लाव. पण आठवड्यातून दोनदा तरी स्वतःसाठी ताजा रस्सा कर, एकटीसाठी काय करायचं असं म्हणू नकोस. ते मला फार लागतं.

या शनिवारी ये. अंधेरीला उतरून स्लो पकड, उभं राहायला तरी मिळेल. वाटण इथेच करू, कांदा तू परतायचा, मी नुसती शेजारी उभी राहीन. रात्री त्याच वाटणाचा अंड्याचा रस्सा करू, इथे कुणी काही म्हणत नाही. खोबरं माझ्याकडे आहे. येताना स्टेशनबाहेरून कोथिंबिरीची जुडी तेवढी आण, आणि तुझा तो घट्ट झाकणाचा डबा.